हिचा आख कुठाय?

मामा उकिडवे बसले, एक हात जमिनीला टेकवला, मान वाकडी करून गाडीच्या पोटाखाली बघितलं आणि म्हणाले, "हिचा आख कुठाय रे?"

गाडी कोटीच्या वरची. डॉक्टरांची. घेऊन दोन महिनेही झाले नव्हते. मामा काय विचारतायत ते त्यांना कळलं नाही. खाली काही गळतंय की काय, म्हणून तेही वाकले. मला मात्र लगेच उमगलं. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. लोक गाडी तोंडावरून ओळखतात, मी पंचवीस वर्षं पोटावरून ओळखत आलोय. आपटलेली, घासलेली, पुरातून काढलेली, नाल्यात उलथलेली गाडी आधी खालून बघायची आणि मग मालकाचं ऐकायचं, हा आमच्या धंद्याचा नेम.

आख म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकांना आरपार धरणारा दांडा. सगळा भार त्याच्यावर. मामांच्या लेखी बैलाची जात खांद्यावरून कळते आणि गाडीची आखावरून. डॉक्टरांच्या गाडीला असा आख नव्हताच. चारही चाकं वेगवेगळी टांगलेली, एकाचं दुसऱ्याशी देणंघेणं नाही. इंडिपेंडंट सस्पेन्शन.

"भावाभावात वाटण्या झालेल्या दिसतात," मामा गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाले.

आम्ही हसलो, पण मामांचं बोट नेमक्या जागेवर पडलं होतं. महागड्या एसयूव्हींची आडवाटेवरची ताकद मोजायला माणसं हॉर्सपॉवर बघतात, किंमत बघतात. बघायची जागा ही. सबंध आख असला की एक चाक धोंड्यावर चढताना दुसरं खाली दाबलं जातं, जमीन सोडत नाही. शिवाय गाडी कितीही दबली तरी आखाखालची उंची तेवढीच राहते. सुट्या चाकांच्या गाडीत डांबरीवर पोटातलं पाणी हलत नाही, पण खड्ड्यात ती दबली की पोटही जमिनीला टेकायला येतं. जीप रँग्लरनं अजून पुढं-मागं दोन्हीकडं सबंध आख ठेवलेत. मर्सिडीजच्या जी-क्लासनं १९७९ पासून ठेवले होते. २०१८ ला नवी आली तेव्हा पुढचा गेला, मागचा राहिला. टोयोटाच्या लँड क्रूझर ३०० चंही तसंच. लँड रोव्हर डिफेंडरची जुनी चौकोनी गाडी २०१६ च्या जानेवारीत बंद झाली, तोवर दोन्ही आख सांभाळून होती. २०१९ ला नवी दाखवली ती आखाशिवाय आणि वेगळ्या चासीशिवायही. हवेच्या सस्पेन्शनवर उचलली की तिचं पोट जमिनीपासून २९१ मिलिमीटर वर जातं. खडकातून ती सुरेख जाते, हे कबूल केलं पाहिजे. पण तिचा भरवसा लोखंडापेक्षा कॉम्प्युटरवर जास्त.

त्या दिवशी येळवस होती. मार्गशीर्षातली अमावस्या; कॅलेंडरात वेळा अमावस्या, आमच्याकडं येळवस. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या माणसाला हिचं महत्त्व सांगून कळत नाही. दिवाळीला गावाकडं न फिरकणारा माणूस येळवशीला वावरात असतो. लातूर शहरात शुकशुकाट, गंजगोलाईत दुकानांची शटरं खाली, आणि झाडून सगळ्या गाड्या कुठल्या ना कुठल्या शिवाराकडं निघालेल्या. कडब्याची कोप, कोपीत मांडलेले पांडव, पुढ्यात भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी आणि मडक्यातली अंबील. (ज्यांचं वावर नाही त्यांनी ओळख काढावी. येळवशीला आलेल्या माणसाला कुणी उपाशी परत पाठवत नाही.)

मामांचं शेत निलंगा तालुक्यात, मांजरेच्या खोऱ्यात. डांबरी सोडली की दोन-सव्वादोन किलोमीटर पाणंद. मी बरोबर तीन पाहुणे आणले होते. एक डॉक्टर, लातुरात त्यांचं प्रसूतिगृह आहे. दुसरा शाळेतला मित्र, आता रस्त्यांची कामं घेतो. त्याची गाडी डॉक्टरांच्या गाडीपेक्षाही लांब, सात आसनांची, चाकं बावीस इंची. तिसरा मामेभावाचा मेहुणा, पोरगेलासा, छोटी देशी फोर बाय फोर घेऊन आलेला. कुणाची गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. एक तर धंद्याची सवय, आणि पुढं जे झालं त्यात दोष गाड्यांचा नव्हता. माझी स्वतःची जुनी छोटी गाडी मी डांबरीच्या कडेला लिंबाखाली लावली आणि चालत आलो. डॉक्टर म्हणाले, "एवढं काय घाबरता?" मी म्हटलं, "घाबरत नाही, ओळखतो."

जेवणं झाली, कोपीसमोर सतरंजीवर पाय पसरले, आणि ठेकेदारानं विषय काढला. "सर्व्हेअर, एकच नाव सांग. ऑफ-रोडला सगळ्यात भारी कोणती?"

मोबाईल निघाले. नेटवर्कची एकच काडी होती, त्यामुळं बऱ्याच वेळा माझ्या तोंडाकडं बघणं भाग पडलं. मी समोरचा बांध दाखवला. म्हटलं, हा बांध चढायचाय असं समजा. नाक घासायच्या आधी पुढचं चाक बांधाला लागतं का, हा पहिला कोन. माथ्यावर आल्यावर पोट टेकतं का, हा दुसरा. उतरताना शेपूट घासतं का, हा तिसरा. डिफेंडर ११० उंच केली तर पुढचा ३८ अंश, मधला २८, मागचा ४०. जी-क्लासचा ३१, २६ आणि ३०. ठेकेदारानं जी-क्लास तिथंच बाद केली. अडीच-तीन कोटींची गाडी त्यानं सतरंजीवर बसून तीन सेकंदांत बाद केली, हे मला फार आवडलं.

पण म्हटलं, थांब. कोन म्हणजे नुसती शरीराची ठेवण. एका आखावरच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल असतं, आणि ते मुळात भोळं. ज्या चाकाला काही काम नाही, जे हवेत किंवा चिखलात फुकट फिरतंय, त्याच्याकडंच सगळी ताकद जाऊ देतं. जी-क्लासमध्ये मध्ये, मागे आणि पुढे अशी तीन कुलपं आहेत. तिन्ही लावली की चारही चाकं एकमेकांना बांधली जातात; त्यातलं एक जरी जमिनीला चावलं तरी गाडी निघते. रँग्लर रुबिकॉनला पुढं-मागं अशी दोन, आणि वर लो रेंज चारास एक, म्हणजे मुंगीच्या पावलानं पण हत्तीच्या जोरानं. आपल्या पुण्याच्या कंपनीच्या फोर्स गुरख्यालाही पुढं-मागं दोन कुलपं आहेत, आणि ती फुशारकी मारत नाही. थारचे कोन तर ४१.८, २७ आणि ३६.८. हे आकडे ऐकून मामेभावाच्या मेहुण्यानं अंबीलीचा आणखी एक तांब्या मागवला.

"आणि क्यू-सेव्हन, एक्स-फाईव्ह, जीएलएस, त्या?" डॉक्टरांनी विचारलं. त्या गुणी गाड्या आहेत. लातूरहून पुण्याला जायचं असेल तर मी त्यांतलीच मागेन. पण त्यांतल्या बहुतेकींत लो रेंजच नाही. त्या उंच खुर्चीवर बसलेल्या मोटारी. ऑडीच्या एसयूव्हींची तर जुळणी आपल्याच मराठवाड्यात होते, शेंद्र्याला. गंमत म्हणजे २०१० साली याच संभाजीनगरातल्या, तेव्हाच्या औरंगाबादेतल्या लोकांनी एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. देशभर बातमी झाली. मागासलेला मराठवाडा म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली म्हणून आम्हीही खूश झालो होतो. त्या गाड्या कुठल्या रस्त्यावर चालवायच्या, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही. आनंदात असलं विचारूही नये.

मग पाण्याचा आकडा निघाला. किती खोल पाण्यातून जाते? डिफेंडर ९०० मिलिमीटर, जी-क्लास आणि लँड क्रूझर ७००, थार ६५०. मामी भांडी आवरत होत्या, त्या थांबल्या. "पाण्यातून? आमच्यात?" म्हणाल्या. त्यांचंही खरं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातुरानं तहान भागवली, तिथं गाडी किती पाण्यातून जाते हा प्रश्न चेष्टेचाच वाटणार. पण याच मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, सिंदफणा अशा फुगल्या की माणसं काढायला हेलिकॉप्टर लागलं. तेव्हा मी म्हटलं, डॉक्टर, हा ९०० चा आकडा उभ्या पाण्याचा आहे, आणि हळू, ठरावीक वेगानं जाणाऱ्या गाडीचा आहे. वाहत्या पाण्याला पुस्तकातला आकडा वाचता येत नाही. फूटभर वाहतं पाणी साध्या मोटारीला तरंगवतं, दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या, एसयूव्हीसुद्धा, ढकलत नेतं. फरशी पुलावरून गेलेल्या गाड्या मी पाहिल्यात. इंजिनात हवेच्या वाटेनं पाणी शिरतं, पाणी काही दाबलं जात नाही, आणि आतला कनेक्टिंग रॉड हेअरपिनसारखा वाकतो. मालक म्हणतो, टायर निम्मेसुद्धा बुडले नव्हते हो. मग पॉलिसीत इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलंय का, हे बघायचं असतं, आणि बहुतेकांनी घेतलेलं नसतं.

हे सगळं बोलताना मला ऑफ-रोड या शब्दाचीच अडचण होत होती. रस्ता सोडून. म्हणजे कुठं? वाळवंट, पठारं, कुणाचीच नसलेली दरी-डोंगरं ज्या मुलखात आहेत तिथं हा शब्द शोभतो. आमच्याकडं रस्ता सोडला की माणूस कुणाच्या तरी वावरात जातो. इंचा-इंचाला गट नंबर आहे, सातबारा आहे, आणि सातबाऱ्यावर चार भावांची नावं आहेत. चाक बांधावरून पलीकडं गेलं तर ज्वारी मोडते, आणि ज्वारी मोडली की तीन पिढ्यांचं बोलणं बंद होतं. आमची आडवाट म्हणजे पाणंद. तीही दोन्हीकडून बांध कोरून कोरून एवढी बारीक केलेली की दोन मीटर रुंदीची गाडी बाभळीच्या फांद्यांना खाजवत जाते. पाणंद मोकळी करून घ्यायला १९०६ चा मामलतदार न्यायालय अधिनियम आहे, १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे. मामांच्या लोखंडी पेटीत या दोन्हींखाली केलेले अर्ज आहेत. एका अर्जाचा निकाल मामांच्या बाजूनं लागला, मोजणी झाली, आणि दुसऱ्या पावसाळ्यात बांध परत होता तिथं आला. ही पाणंद ओलांडायला कुठलं डिफरन्शियल लॉक लावायचं, ते अजून निघालेलं नाही.

डॉक्टरांनी मामांना सहज विचारलं, "मामा, तुम्हाला यातली कुठली आवडली?"

मामा विडीचं थोटूक विझवत म्हणाले, "नांगराला जुपता येती का एखादी?"

सगळे हसले, पण मला एक खरी गोष्ट आठवली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात मॉरिस विल्क्स नावाचा रोव्हर कंपनीचा मुख्य इंजिनिअर होता. वेल्समधल्या अँगलसी बेटावर त्याचं शेत. शेतावर तो अमेरिकन सैन्याची जुनी विलीज जीप वापरायचा. ती मोडली तर दुसरी आणायची कुठून, या चिंतेतून त्यानं १९४७ साली समुद्रकाठच्या वाळूत एका गाडीचं चित्र काढलं, असं सांगतात. पहिल्या नमुन्यात स्टिअरिंग मधोमध होतं, ट्रॅक्टरसारखं. अंग ॲल्युमिनियमचं, कारण युद्धानंतर पोलाद रेशनवर. आणि मागून यंत्रं फिरवायला पीटीओ, म्हणजे मामांच्या ट्रॅक्टरला मळणी यंत्र जोडतात तीच सोय. ही गाडी ३० एप्रिल १९४८ ला ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांपुढं आली. आम्ही निजामाच्या राज्यातून सुटलो तेच वर्ष. शेतातल्या कामाला बनवलेली ती लँड रोव्हर. कातडी सीट, गाणी, मसाज हे सगळं पुढच्या पिढ्यांनी केलं.

मामांनी नीट ऐकून घेतलं. मग तिन्ही गाड्यांकडं आळीपाळीनं बघितलं. "म्हंजे आपल्याच भावकीतली निघाली," म्हणाले. "शिकून नोकरीला लागली अन् गाव सोडलं."

डॉक्टरांची गाडी त्या घराण्यातली नाही, हे सांगायचा मी प्रयत्न केला. मामांनी भावकी सगळ्यांनाच लावली होती.

तीनच्या सुमाराला मावळतीकडून आभाळ भरून आलं. डिसेंबरातला पाऊस, अवकाळी. अर्धा तासच पडला, पण दणकून. आम्ही कोपीत दाटीवाटीनं पांडवांशेजारी बसलो. ठेकेदार म्हणाला, "एवढ्यानं काय होतंय."

त्याच्या धंद्यात खडी-मुरमाशी गाठ. काळी माती तो खोदून फेकून देतो, रस्त्याखाली तिला राहू देत नाही. का देत नाही, ते त्याला त्या दिवशी आतून कळलं असावं. आमची जमीन कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या दगडाची झीज होऊन झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. आणि ओली झाली की ती माती राहत नाही, तिला माणसाची ओढ लागते. पहिल्या पावलाला चप्पल चिकटते. दुसऱ्याला चप्पल दोन किलोची होते. तिसऱ्याला चप्पल तिथंच राहते आणि पाय पुढं जातो. वाळू असती तर टायरमधली हवा ३३ वरून १८ पर्यंत उतरवली की चाक पसरतं आणि गाडी तरते. खडक असता तर लो रेंज टाकून सावकाश चढायचं. काळ्या चिखलाला हे काही पुरत नाही. तो टायरच्या नक्षीत जाऊन बसतो. दोन फेऱ्यांत नक्षी बुजते, चाक लोण्याच्या गोळ्यासारखं गुळगुळीत होतं, आणि मग गाडीला तीन कुलपं असोत की तीस, चार लोण्याचे गोळे एकदम फिरतात एवढंच.

आधी ठेकेदाराची गाडी निघाली. पन्नास पावलांवर तिचं मागचं अंग डावीकडं सरकलं आणि बांधाला टेकलं. बावीस इंची रिमवरचे ते बारीक काठाचे टायर. चिखलातली गाडी नव्हेच ती. शाळेच्या बुटावर नांगर धरल्यासारखं झालं. मग डॉक्टरांची. त्यांनी बटण फिरवून पडद्यावर चिखलाचं चित्र आणलं, गाडी हवेवर उचलली, आणि खरं सांगायचं तर ती बरीच गेली. चारही चाकांत ताकद इकडून तिकडं पळवत, आतल्या आत टकटक करत, लवणापर्यंत, म्हणजे पाणंदीतल्या सखल जागेपर्यंत, गेली. लवणात पाणी मुरलेलं. तिथं ती बसली. त्या चित्रातला चिखल कुठल्या मुलखातला होता कोण जाणे. लँड रोव्हरवाले १९६१ पासून इंग्लंडातल्या ईस्टनरच्या रानात गाड्या चिखलात घालून बघतात, जी-क्लास ग्राझजवळच्या शॉकल डोंगरावर चढवून पारखतात. निलंगा तालुक्यात अजून कुणी आलेलं नाही.

डॉक्टर रेस देत होते. मागून मामेभाऊ ओरडला, "साहेब, काय करूलालाव? रेस देऊ नका, खड्डा खंदूलालाव तुम्ही!" पऱ्हाट्या आणून चाकांखाली घातल्या. चाकांनी त्या गिळल्या. मेहुण्याची छोटी गाडी तेवढी, हलकी असल्यानं आणि त्यानं खडबडीत टायर घातले असल्यानं, दुसऱ्या दमात चिखल उडवत, नागमोडी, दोनदा बांधावर आदळत निघून गेली. तो डांबरीवर पोचल्यावर त्यानं हॉर्न वाजवला. आम्हाला तो सव्वा किलोमीटरवरून ऐकू आला. वाजवायची गरज नव्हती.

ट्रॅक्टर आला, नाडा आला, आणि प्रश्न आला की टोचन कुठं लावायचं. कोटीच्या गाडीला बाहेरून हूक दिसत नाही. दिसला तर शोभा जाते. बंपरवर एक टिकलीएवढं झाकण असतं, ते उचकटायचं, आत आटे असतात, आणि हूक डिकीतल्या हत्यारांच्या डब्यातून काढून तिथं फिरवून बसवायचा. डॉक्टरांना हे माहीत नव्हतं. कुणालाच नसतं. जिथं सापडेल तिथं दोर बांधून ओढलेल्या गाड्यांचे बंपर मी पोत्यांतून आलेले पाहिलेत, म्हणून मीच गुडघाभर चिखलात बसून झाकण शोधलं. पंधरा मिनिटं गेली. तेवढा वेळ गाडी मागच्या ज्वारीच्या ताटांकडं बघून पीं पीं पीं ओरडत होती. तिला ते अडथळे वाटत होते.

मामेभावाचा ट्रॅक्टर पन्नास हॉर्सपॉवरच्या आतला. डॉक्टरांच्या गाडीच्या पुस्तकात याच्या सहापट लिहिलेत. मी बांधावर उभा राहून त्याच्या पायाकडं बघत होतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची उंची माणसाच्या छातीइतकी, हवा जेमतेम बारा-चौदा, आणि टायरवर तिरप्या उंच पट्ट्या. फिरताना त्या चिखल बाहेर फेकत राहतात, बुजत नाहीत. नाडा ताठला. उजवं चाक जागेवर फिरायला लागलं, डावं ढिम्म. मामेभावानं उजव्या पायानं ब्रेक दाबला, पण अर्धाच. ट्रॅक्टरला ब्रेकची पावलं दोन असतात, उजव्या चाकाला एक, डाव्याला एक. रस्त्यावर जाताना ती दोन्ही कडीनं जोडतात, वावरात कडी काढतात. त्यानं फक्त उजव्याचं पाऊल हलकंच दाबून धरलं. फुकट फिरणाऱ्या चाकाला अडवलं की भोळ्या डिफरन्शियलला दुसऱ्याकडं ताकद द्यावीच लागते. डावं चाक चावलं. ट्रॅक्टर हलला.

मला हसू आलं. कारण डॉक्टरांच्या गाडीतला ट्रॅक्शन कंट्रोल म्हणून जो कॉम्प्युटर आहे, तो हेच करतो. कुठलं चाक फुकट फिरतंय ते सेन्सरनं ओळखायचं, त्याला एकट्याला ब्रेक लावायचा, ताकद पलीकडं ढकलायची. सेकंदाला कितीतरी वेळा. फरक इतकाच की मामेभावाला चाकाखालची माती पायाच्या तळव्याला कळत होती, आणि ती माती कुणाची, कुठल्या सालच्या भांडणातली, हेही.

गाडी मागं, विहिरीजवळच्या मुरमाड उंचवट्यावर आली. दुसरीही तिथंच आणली. आता डांबरीपर्यंत ओढून नेऊ म्हणून ठेकेदार घाई करायला लागला. मामांनी नाडा सोडवून गुंडाळून खांद्यावर टाकला.

"न्हाई," म्हणाले. "एवढ्या वजनाची गाडी ओढत नेली तर गुडघा-गुडघा चर पडतील. ते वाळले की बैलाचा पाय मोडल. पंधरा दिस कुणाला ऊस काढता यायचा न्हाई. गाड्या हितंच ऱ्हाऊ द्या. वापसा आला की न्या."

ठेकेदारानं वापसा किती वाजेपर्यंत येईल असं विचारलं.

आम्ही ट्रॉलीत बसून निघालो. डॉक्टरांच्या सौभाग्यवती रिकाम्या अंबीलीच्या मडक्याला धरून बसल्या होत्या, बाकीचे एकमेकांना. अंधार पडला होता. मामा माझ्या शेजारी बसले होते. लवण आलं तसं त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"हितंच," म्हणाले. "तुझी आई."

ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे, पण डॉक्टरांनी ऐकली नव्हती. आई पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. श्रावण. सुईणीनं हात टेकले आणि निलंग्याला न्यायला सांगितलं. आजोबांनी बैलगाडी जुंपली, खाली कडबा, वर गोधडी, वरून पोत्यांचं छत. मामा तेव्हा बारा वर्षांचे, कंदील धरून पुढं चालत होते. गाडीचं चाक माणसाएवढं उंच आणि चार बोटं रुंद. ते चिखलावर तरंगत नाही, चिरत खाली जातं आणि तळाची घट्ट जमीन गाठतं, आख उंचावर राहतो म्हणून पोट टेकत नाही. म्हणून ती चालली. पण या लवणात तळच लागला नाही. मधल्या तुंब्यापर्यंत चाकं आत गेली. बैल गुडघ्यावर आले. आजोबांनी बैल सोडले, आईला गोधडीत घातलं आणि चौघांनी गोधडी खांद्यावर घेतली. दोन किलोमीटरला चार तास लागले. डांबरी तेव्हा नव्हती. पुढं दुसऱ्या गावची गाडी, मग मालमोटार. मी निलंग्याला जन्मलो, पंधरा-वीस मिनिटांच्या फरकानं. नाहीतर माझ्या जन्मदाखल्यावर गावाच्या जागी लवण लिहावं लागलं असतं.

डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी धंद्याचे दोन-तीन प्रश्न विचारले, कळा किती वेळ होत्या, पाणी कधी गेलं. मामांना त्यातलं काही सांगता येईना. त्यांना कंदील आठवत होता, आणि गोधडीच्या कोपऱ्यातून टपकणारं पाणी.

दुसऱ्या दिवसापासून मामांना फोन सुरू झाले. ठेकेदार सकाळी करायचा, डॉक्टर रात्री ओपीडी संपल्यावर. वापसा आला का? मामा रोज पाणंदीत जाऊन मूठभर माती घ्यायचे, दाबून लाडू करायचे आणि छातीएवढ्या उंचीवरून सोडायचे. लाडू पडून चपटा झाला तर नाही. फुटून भुगा झाला तर आला. तीन दिवस चपटा झाला. चौथ्या दिवशी फुटला. ठेकेदार त्याच दुपारी येऊन गाडी घेऊन गेला. पाणंदीतून जाताना त्यानं काच खाली केली नाही, पण चाकं कुणाच्या बांधावर जाऊ दिली नाहीत, एवढं मामांनी मान्य केलं.

रात्री डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी मामांकडंच होतो. मामांनी स्पीकर लावला.

"वापसा आलाय साहेब," मामा म्हणाले. "पर गाडी नेता येनार न्हाई."

"का? काय झालं?"

"कुत्री व्यालीय. गाडीखाली. सगळ्या शिवारात तेवढीच कोरडी अन् उंच जागा हुती. अजून डोळं उघडले न्हाईत पिलांचे."

पलीकडं शांतता. मग डॉक्टर एकदम घाईनं बोलायला लागले. गाडी हवेवर उभी आहे, चार-आठ दिवस तशीच राहिली तर हवा कमी होऊन खाली बसू शकते, एकदम नाही पण सावकाश बसते, तेव्हा आधी...

"धोंडे लावलेत," मामा म्हणाले. "चारी बाजूनं, आखाखाली. म्हंजे आख असता तिथं."

"बरं," डॉक्टर म्हणाले. थोडं थांबले. "किती झालीत?"

"पाच."

"सगळी पितात का?"

मामांनी माझ्याकडं बघितलं, मग दाराबाहेर विहिरीकडच्या अंधारात. "एक जरा मऊ हाय," म्हणाले. "सकाळी बघून सांगतो."